डेड किलोमीटर

मिरग लागून दहा-बारा दिवस झाले होते. शाळा नुकतीच सुरू झालेली, सावंतवाडीत दिवसभर पावसाची झड आणि घरात न वाळलेल्या कपड्यांचा कुबट वास. गेल्या वर्षीच्या जूनमधली ही संध्याकाळ. साडेसहाच्या सुमाराला मी गाडीची किल्ली उचलली आणि आंबोलीला गेले. एकटीच. काही आणायचं नव्हतं, कुणाला भेटायचं नव्हतं. वर जाऊन धुक्यात उभं राहायचं, एक चहा प्यायचा आणि परत यायचं, एवढंच मनात होतं. दाणोली मागे पडली की रस्ता वर उचलतो, हवा बदलते, कान किंचित दडे बसल्यासारखे होतात, आणि दिवसभर डोक्यात साचलेलं काहीतरी एकेका वळणागणिक खाली राहत जातं. चहाच्या टपरीवर मी तास-दीड तास होते. परत निघाले तेव्हा चांगलाच अंधार झाला होता. गाव संपून घाट सुरू व्हायच्या थोडं अलीकडे काच आतून इतकी धुरकट झाली की गाडी कडेला घेऊन पुसल्याशिवाय पुढे जाणं शक्य नव्हतं. फडकं घेऊन उतरले, मोबाईलचा उजेड लावला, आणि मागच्या चाकाच्या वितीभर मागे तो दिसला. दोन पेरांएवढा बेडूक. कमरेखालचा भाग डांबराला चिकटलेला, कमरेवरचा अजून जिवंत. दोन्ही हात रस्त्यावर टेकवून तो पुढे सरकायला बघत होता. कुशीवर पिवळे डाग होते आणि त्यांच्यावरून पाऊस वाहत होता. गळ्याखालची कातडी हलत होती, मग थांबत होती, मग परत हलत होती. माझ्या गाडीचे पिवळे दिवे लुकलुकत होते, त्यामुळे तो दिसायचा, नाहीसा व्हायचा, दिसायचा. माझ्याच चाकाखाली आला की आधीच्या कुणाच्या, हे कळायला मार्ग नव्हता. मागून एक टेम्पो डिपर मारत आला म्हणून मी बाजूला झाले. टेम्पो गेल्यावर बघण्यासारखं काही उरलं नव्हतं.

गाडीत येऊन बसले. हात ओले होते, स्टीअरिंग धरवत नव्हतं. आणि पहिला विचार आला तो असा: निदान काहीतरी काम असतं तर.

हे वाक्य वर्ष झालं तरी मला सोडत नाही.

का आलं ते? काम असतं तर तो बेडूक वाचला असता असं थोडंच आहे. कुणाला औषध पोचवायला गेले असते तरी चाक तेच, रस्ता तोच, वजन तेच. तरीही आत कुठेतरी एक वजनकाटा होता, आणि त्याच्या एका पारड्यात मी त्या जिवाला ठेवलं तेव्हा दुसऱ्या पारड्यात टाकायला माझ्याकडे नुसता एक कप चहा होता. त्याची लाज वाटली. ती लाज खरी होती, आजही आहे. पण हा काटा माझ्या आत कुणी बसवला, हे शोधत गेले तेव्हा वाट थेट माझ्या वडिलांपर्यंत गेली.

अण्णा एसटीत ड्रायव्हर होते. सावंतवाडी डेपो. कोल्हापूरची गाडी त्यांनी बरीच वर्षं चालवली, मधल्या काळात आंबोली-चौकुळची वस्तीची गाडीही केली. रात्री चौकुळला गाडी लावायची, गाडीतच झोपायचं आणि पहाटे पहिल्या धारेचं दूध, शाळकरी पोरं, कोर्टाच्या तारखेला निघालेली माणसं यांना घेऊन खाली यायचं. पावसाळ्यात तिथे बेडकांच्या आवाजाने झोप लागत नाही, असं ते सांगायचे. घरात त्यांच्या तोंडी डेपोची भाषा असायची आणि आम्ही भावंडं तीच शिकलो. केपीटीएल हा शब्द मला शाळेत जायच्या आधी ठाऊक होता. दहा लिटर डिझेलमागे गाडी किती किलोमीटर गेली, तो आकडा. प्रत्येक ड्रायव्हरचा वेगळा निघायचा आणि अण्णांचा चांगला असायचा. घाट उतरताना गाडी न्यूट्रलला टाकून डिझेल वाचवणारे त्यांना आवडायचे नाहीत. ज्या गिअरवर चढलो त्याच गिअरवर उतरायचं, हा त्यांचा नेम. आणि दुसरा शब्द होता डेड किलोमीटर. प्रवासी न घेता गाडी जी रिकामी धावते ते अंतर. बिघडलेल्या गाडीच्या जागी दुसरी पाठवताना, डेपोतून स्टँडवर गाडी लावताना थोडे डेड किलोमीटर पडायचेच, पण ते बोलताना अण्णांच्या चेहऱ्यावर ताटात अन्न टाकून उठलेल्या माणसाकडे बघावं तसा भाव असायचा. "गाडी रिकामी फिरवची नाय," ते म्हणायचे, "पेट्रोल-डिझेल म्हणजे काय व्हाळाचा पाणी?" पर्यावरण हा शब्द त्यांनी कधी वापरल्याचं मला आठवत नाही. जळलेलं परत येत नाही, एवढं त्यांना पुरेसं होतं.

तेव्हा त्या रात्री मी साठ किलोमीटर डेड चालवले होते. जाताना तीस, येताना तीस.

पण दुसरंही एक आहे, आणि ते सांगितल्याशिवाय हा हिशोब खोटा होईल. मी गाडी शिकले ती एक्केचाळिसाव्या वर्षी. तोपर्यंत उंबऱ्याबाहेर पडताना प्रत्येक वेळी मला काहीतरी कारण द्यावं लागलं आहे. माहेरी आई विचारायची, "काय गो, खंय चललंस?" सासरी सासूबाई विचारायच्या, "काम काय हा?" दोघींच्या आवाजात दरडावणी नव्हती, काळजीच होती, पण उत्तर द्यावंच लागायचं. ग्रंथालयात पुस्तक बदलायचं आहे. टेलरकडे ब्लाऊज टाकायचाय. भाजी संपली. मोती तलावाच्या काठाने नुसती एक फेरी मारून यायची असली तरी हातात पिशवी घेऊन निघायचं, म्हणजे कुणी काही विचारणार नाही. त्याच तलावाच्या कठड्यावर पुरुष संध्याकाळी तास तास बसलेले असायचे. त्यांच्या हातात पिशवी नसायची. त्यांना कुणी विचारल्याचं मी ऐकलं नाही. म्हणून लायसन्स हातात आलं, जुनी का होईना एक छोटी पेट्रोल गाडी आली, आणि पहिल्यांदा मी कुणालाही काहीही न सांगता घाट चढून वर गेले, तेव्हा वळणावर गाडी थांबवून मी रडले होते. त्या दिवशी मला काहीही काम नव्हतं. काम नव्हतं म्हणूनच तो दिवस माझा होता.

त्यामुळे आता जेव्हा कुणी म्हणतं की गरजेपुरतीच गाडी चालवावी, मौजेसाठी पेट्रोल जाळू नये, तेव्हा माझं डोकं मान डोलावतं आणि आतून कुणीतरी उठून उभं राहतं. काम काय हा? हा प्रश्न मी पुष्कळ ऐकला आहे. गरज कुठली आणि मौज कुठली हे ठरवणारा माणूस बहुतेक वेळा स्वतः पिशवीशिवाय बाहेर पडू शकणारा असतो.

२०२०च्या जूनमध्ये, कोरोनाच्या टाळेबंदीत, हे ठरवायचं काम सरकारने हाती घेतलं होतं. जिल्ह्याबाहेर जायचं तर ई-पास लागायचा आणि त्या अर्जात प्रवासाचं कारण भरावं लागायचं. अण्णा तेव्हा ब्याऐंशी वर्षांचे. एका संध्याकाळी त्यांच्या छातीत दुखायला लागलं, घाम फुटला, इथल्या डॉक्टरांनी बघून लगेच हलवायला सांगितलं. एरवी आम्ही सावंतवाडीकर अशा वेळी गोव्यातलं बांबोळीचं इस्पितळ गाठतो, पण गोव्याच्या हद्दीवर तेव्हा अडवाअडवी होती. कोल्हापूर ठरलं. रुग्णवाहिका मिळायला दोन तास लागणार होते. भावाने मोबाईलवर अर्ज भरला, कारण म्हणून 'वैद्यकीय' निवडलं, आणि मी गाडी काढली. अण्णा मागच्या सीटवर आडवे, त्यांचं डोकं वहिनीच्या मांडीवर. घाटात आमच्याशिवाय एकही गाडी नव्हती. तीन महिने जवळजवळ रिकाम्या राहिलेल्या रस्त्यावर पहिला जोराचा पाऊस पडून गेला होता, आणि आंबोलीच्या जरा अलीकडे हेडलाइटच्या उजेडात रस्ता हलतोय असं वाटलं. मी डोळे मिटून उघडले. रस्ताच हलत होता. लहान-मोठे बेडूक, नांग्या वर करून आडवे धावणारे खेकडे, मध्येच एक काळपट लांब काहीतरी, देवगांडूळ असावं. डांबरावर पाय ठेवायला जागा नव्हती. मी ब्रेकवर पाय नेला, आणि मागून अण्णांचा कण्हण्याचा आवाज आला. मी पाय उचलला.

त्यानंतरचा आवाज मी कुणाला सांगितलेला नाही. टायरखाली बारीक काहीतरी फुटत जाण्याचा तो आवाज वायपरच्या आवाजाच्या खालून येत राहिला, किती वेळ ते माहीत नाही. कोल्हापूरच्या इस्पितळात पोचलो तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. अण्णा वाचले. आणि त्या रस्त्याची मला पुढे पाच वर्षांत एकदाही टोचणी लागली नाही. एकदाही नाही. एका बेडकापाशी मी पावसात उभी राहिले, आणि शेकड्यांनी चिरडले त्यांची आठवणसुद्धा त्या एकामुळेच वर आली. कामाच्या नावाखाली केलेलं मनाला लागत नाही. त्या रात्री मी थांबायला हवं होतं असं मला आजही वाटत नाही, हेही खरं आहे. थांबले नसतेच. पण मेलेल्या जिवाच्या बाजूने दोन्ही रात्री सारख्याच होत्या, किंबहुना ती रात्र फार मोठी होती.

इस्पितळातून परत आल्यावर अण्णा अडीच वर्षं जगले, आणि या अडीच वर्षांत ते बदलले. गाडी रिकामी फिरवायची नाही म्हणणारा माणूस संध्याकाळी ओसरीवर बसून माझी वाट बघायला लागला. मी शाळेतून आले की विचारायचे, "आज वर जाऊया?" सुरुवातीला मी त्यांच्याकडे बघतच राहिले. एवढी वर्षं घाट चढले-उतरले, पण नजर कायम रस्त्यावर. रस्त्याच्या कडेला दरी आहे हे त्यांना माहीत होतं, दरीत काय आहे ते त्यांनी बघितलंच नव्हतं. आता शेजारच्या सीटवर बसून ते बघायचे. धबधब्याच्या जरा आधी म्हणायचे, "हयसर थांब." काच खाली करायला सांगायचे आणि हात बाहेर काढून धुकं हातावर घ्यायचे. कारवीच्या पानांवरून निथळणारं पाणी, जांभ्याचा ओला वास, खालच्या वळणावर चढणाऱ्या ट्रकच्या गिअरचा आवाज. आवाजावरून सांगायचे, भरलेला आहे की रिकामा. एकदा कावळेसादला नेलं. दरीतून वर येणारा वारा तिथे धबधब्याचं पाणी उलटं वर फेकतो, ते तोंडावर घेत ते दहा मिनिटं कठड्याला धरून उभे राहिले. पाठ पूर्ण भिजली. परत येताना म्हणाले, इतकी वर्षं मी लोकांना इथे सोडून जायचो आणि हे लोक काय बघायला उतरतात ते मला कळायचं नाही. त्या फेऱ्यांना मी डेड किलोमीटर म्हणू शकत नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्यांच्या यादीत त्या नव्हत्या, पण मला विचाराल तर त्या त्या यादीतच होत्या.

अण्णा २०२३च्या फेब्रुवारीत गेले. त्यानंतर मी एकटीने वर जायला लागले, ते थोडं त्यांच्यासाठीही असेल.

मी हायस्कुलात विज्ञान शिकवते. बेडकाच्या त्या रात्रीनंतर दोन-तीन आठवड्यांनी दहावीच्या वर्गात ज्वलनाचा विषय चालू होता, आणि मी फळ्यावर एक लिटर पेट्रोल जाळून दाखवलं, आकड्यांनी. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, लिटरचं वजन पाऊण किलोच्या आसपास. त्यातला बहुतेक भाग कार्बन. जळताना बारा ग्रॅम कार्बन हवेतला बत्तीस ग्रॅम ऑक्सिजन ओढून घेतो आणि चव्वेचाळीस ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होतो. म्हणून टाकीत पाऊण किलो ओतलं तरी धुराड्यातून सव्वादोन-अडीच किलो बाहेर पडतं. मुलांना हे पटत नाही, दर वर्षी पटत नाही, ओतलं त्यापेक्षा जास्त बाहेर कसं पडेल म्हणतात. मग मी सांगते की उरलेलं वजन तुम्ही-आम्ही श्वास घेतो त्या हवेतून उचललेलं असतं. उदाहरण म्हणून मी साठ किलोमीटरचा घाटरस्ता घेतला. लिटरला पंधरा धरले तर चार लिटर, म्हणजे नऊ किलोच्या वर. तांदळाची दहा किलोची पिशवी भरत आली. फळ्याकडे तोंड करून लिहीत होते तेव्हा साठ हा आकडा कुठून आला ते मला माहीत होतं, वर्गाला नव्हतं.

म्हणजे मला तसं वाटलं होतं. तास संपल्यावर आंबोलीहून एसटीने येणारा एक मुलगा टेबलापाशी आला. "बाई, तुमची गाडी बघलंय मी त्या दिवशी, टपरीर." मी त्याला बेडकाचं सांगितलं, पिवळ्या डागांसकट. त्याचा चेहरा एकदम बदलला. "बाई, तो साधो बेडूक नाय. तो आमच्या आंबोलीतच गावता." मग तो पंधरा वर्षांचा मुलगा मला, विज्ञानाच्या शिक्षिकेला, शिकवायला लागला. कुशीवरच्या वाघासारख्या पट्ट्यांवरून त्याला शास्त्रीय नाव मिळालं आहे. २००९ साली शास्त्रज्ञांनी त्याची नोंद केली, आंबोली टोड म्हणतात त्याला. पावसाच्या सुरुवातीला सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, जांभ्याच्या खळग्यांत जे चार बोटं पाणी साचतं त्यात तो अंडी घालतो. तिथे जायला-यायला त्याला रस्ता ओलांडावा लागतो. जगातून नाहीशा होण्याच्या उंबरठ्यावर असलेल्यांच्या यादीत त्याचं नाव आहे. हे सगळं त्याला गावातल्या, जंगलाची माहिती असलेल्या तरुणांकडून कळलं होतं. त्यांच्याबरोबर तोही रात्री टॉर्च घेऊन जातो. बोलता बोलता तो म्हणाला की त्याचे वडील मोसमात धबधब्यावर कणसं भाजतात. मी काही बोलायच्या आधी त्यानेच पुढचं विचारलं. फळ्यावरचं नऊ किलो त्याच्याही डोक्यात राहिलं असावं. "पण गाडयो इल्यो नायत तर आमची कणसा कोण घेतलो, बाई?"

मला उत्तर आलं नाही. तो बस चुकेल म्हणून पळाला.

जुलै-ऑगस्टातल्या शनिवार-रविवारी आंबोलीला काय होतं हे इथल्या माणसाला सांगायला नको. मुख्य धबधब्याच्या अलीकडे-पलीकडे गाड्यांची रांग, दारं उघडी टाकून लावलेली गाणी, दगडांवर फुटलेल्या बाटल्या, वासाने टेकडीवरून उतरून आलेली माकडं. त्या रांगेत एसटी अडकते, तिच्यात त्याच मुलासारखी मुलं असतात, सावंतवाडीहून दवाखाना करून परत निघालेल्या चौकुळच्या बायका असतात. मौजेची गाडी आणि गरजेची गाडी तिथे समोरासमोर उभ्या राहतात आणि दोघींची इंजिनं चालूच असतात. हे बघून माझा संताप होतो. पण त्या गर्दीतल्या एखाद्या गाडीत माझ्यासारखी, चाळिशीत गाडी शिकलेली, कुणालाही न सांगता निघालेली बाई नसेल असं मी म्हणू शकत नाही. आणि जे धबधब्याकडे ढुंकूनही बघत नाहीत, पुण्या-मुंबईहून रात्रभर गाडी चालवून केवळ बेडूक आणि साप बघायला येतात, त्यांचं काय? पुण्याहून यायचं तर एका बाजूने साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. ज्या जिवावर त्यांचा जीव आहे त्याच्याच रस्त्यावरून त्यांची गाडी येते. त्यातले कित्येक शेवटचे दोन किलोमीटर पायी चालतात, पायाखाली टॉर्च मारत, हे मी बघितलं आहे. त्यांच्या येण्यामुळे गावातल्या पोरांना त्या टोडची किंमत कळली, हेही आहे. मी त्यांना दोष देऊ शकले नाही आणि मोकळंही सोडू शकले नाही.

माथेरानला एकदा शाळेची सहल नेली होती. दस्तुरी नाक्याला गाड्या थांबतात. पुढे तेव्हा लाल माती, पाय आणि घोडे. पहिला अर्धा तास मुलं कुरकुरली, मग त्यांचे आवाज हळूहळू खाली आले. इंजिन नसलं की माणूस हळू बोलतो, हे मला तिथे पहिल्यांदा जाणवलं. आंबोलीला तसं करता येणार नाही, कारण आंबोली नुसतं फिरायचं ठिकाण नाही, तो रस्ता आहे. बेळगावची भाजी त्याच घाटाने आमच्याकडे उतरते. आजारी माणसं त्याच घाटाने वर-खाली होतात. घाटाला दस्तुरी नाका बसवता येत नाही.

वर्षभर हे सगळं डोक्यात फिरवल्यावर मला एक साधी गोष्ट दिसली, आणि ती इतकी साधी की आधी का दिसली नाही कळत नाही. गरजेला वेळ निवडता येत नाही. अण्णांच्या छातीत दुखलं ते जूनमधल्या पावसात, रात्री. मौजेला वेळ निवडता येते. ती दिवसा जाऊ शकते, पंधरा दिवस थांबू शकते, एसटीने जाऊ शकते, दाणोलीपासून वीसच्या वेगाने जाऊ शकते, आणि तरीही ती मौज राहते. माझ्या चहाला अंधाराची गरज नव्हती. धुकं सकाळीही तेवढंच दाट असतं. त्या रात्री मी आंबोलीला गेले याची मला आता लाज वाटत नाही. मला ज्या गोष्टीची निवड होती तिचा मी विचारही केला नाही, त्याची वाटते.

यंदा पहिल्या पावसानंतर मी रात्री वर गेले नाही. एका रविवारी सकाळी एसटीने गेले. ड्रायव्हरच्या मागची सीट मिळाली, अण्णांच्या गाडीत आईला मिळायची ती. ड्रायव्हर तरुण होता, गाडी मात्र तशीच कुरकुरत चढत होती. खिडकीची काच अर्धीच खाली येत होती, तेवढ्यातून हात बाहेर काढला. वर उतरून चहा घेतला, सड्याकडे चालत गेले. खळग्यांतल्या पाण्यात काळे ठिपके हलत होते. ती टोडची पिल्लं होती की दुसऱ्या कुणाची, मला ओळखता आलं नाही. त्या मुलाला विचारायचं ठरवलं.

पण मग जूनच्या शेवटी आजऱ्याला नवऱ्याच्या मामांचं बारावं होतं. दिवसाउजेडी परतायचं पक्कं ठरवून गेलो होतो. पानं उशिरा उठली, कुणीतरी हात धरून बसवलं, आणि आंबोलीत शिरायला साडेआठ वाजले. पाऊस नुकता थांबलेला. गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बेडकांचा आवाज, कानात घुमणारा. मी गाडी थांबवली आणि नवऱ्याला म्हटलं, तू चालव, हळू. टॉर्च घेऊन खाली उतरले आणि गाडीच्या पुढे चालायला लागले. तो काही बोलला नाही, दिवे खाली करून पहिल्या गिअरवर मागून येत राहिला. कुठे उजेड पडला की ते आपणहून उड्या मारायचे, कुठे थिजून बसायचे, मग वाकून हाताने कडेला सारावं लागायचं. त्यांची अंगं गार आणि हातात हृदयासारखी धडधडणारी. पिवळ्या डागांचा एकही दिसला नाही, की अंधारात मला कळला नाही. साधारण अर्धा किलोमीटर झाला असेल, पदर भिजून जड झालेला, कंबर धरलेली, तेव्हा मागून हॉर्न आला. मोठी गाडी, ताडपत्री बांधलेली. नवऱ्याने आमची गाडी कडेला घेतली. मी टॉर्च हलवून ट्रकला हळू जायची खूण केली. तो क्षणभर हळू झाला, ड्रायव्हरने खिडकीतून मान बाहेर काढून माझ्याकडे बघितलं, एवढ्या रात्री ही बाई रस्त्यात काय शोधते आहे, असं. त्याला खाली पोचायचं होतं. मी बाजूला झाले. जाताना ताडपत्रीखालून ओल्या कोथिंबिरीचा वास आला.

मी परत रस्त्यावर टॉर्च मारला, आणि मारायला नको होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारात गेले. पिशवी घेऊनच गेले, काम होतं. पालेभाजीवाल्या मावशींनी पाण्याचा हबका मारून कोथिंबिरीच्या जुड्या मांडल्या होत्या. "बेळगावची हा, बाई. पहाटेच उतरली." मी एक जुडी उचलली, नाकाशी नेली, आणि थोडा वेळ तशीच उभी राहिले. मागच्या बाईने विचारलं, घेताय ना? मी दहा रुपये दिले आणि जुडी पिशवीत टाकली.